नखानं पुसलेलं नाव

स्टेजची पायरी चढतानाच त्रिवेणीताईंचं डोकं तापलेलं होतं. मलकपेठेतल्या त्यांच्या ब्रेल छापखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून संस्थेनं एक नाणं पाडून घेतलं होतं. बाजारात चालणारं नव्हे, आठवणीचं. एका बाजूला लुई ब्रेलचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ब्रेलमध्ये त्याचं नाव. आणि छापखान्याच्या तपासनीस असूनही त्यांच्या हातात ते आज पहिल्यांदा पडणार होतं, भरल्या सभागृहात.

सव्वीस वर्षं इथलं एकही पान त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेलं नव्हतं. गोवरात डोळे गेले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. वडील रेल्वेत, घर तारनाक्याला. दहावीत गणिताच्या पुस्तकात एक टिंब उठलंच नव्हतं, चाराचे तीन झाले होते. वर्षभर त्यांनी चुकीचं सूत्र घोकलं. मार्क गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "तुमच्या पुस्तकांत असं व्हायचंच. चालवून घ्यायचं."

तेव्हापासून चालवून घेणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. चुकीचं टिंब लागलं की अंगठ्याच्या नखानं ते घासून सपाट करायचं आणि पान परत पाठवायचं. त्यासाठी ते एकच नख त्यांनी वाढवलेलं. छापखान्यातली शिपाई राणी म्हणायची, "ताई, मशीनसुद्धा तुमच्या नखाला डरते."

संस्थेचे सचिव एकनाथराव माइकवर म्हणाले, "घ्या त्रिवेणीबाई. सगळ्यांना वाचून दाखवा."

त्यांच्या हातात एक गुळगुळीत, बंद प्लास्टिकची डबी आली.

"उघडा ही."

"अहो, अशा नाण्याला हात लावायचा नसतो. डाग पडतात."

"मग मी काय नाकानं वाचू?"

माइक चालू होता. पुढच्या रांगांत वसतिगृहातल्या अंध मुली बसल्या होत्या, त्या खळखळून हसल्या. आयटी कंपनीतली स्नेहा धावत आली आणि तिनं डबी उघडली. पुण्याहून इथं नोकरीला आलेली ही मुलगी हौसेनं संस्थेचं काम करायची. "मॅडम, डिझाइन मीच केलंय. ब्रेल शिकले त्यासाठी!"

त्रिवेणीताईंनी बोट टेकवलं. डावीकडून उजवीकडे नेलं. परत नेलं. काडेपेटीच्या कडेसारखी नुसती खरखर.

"दोन टिंबांमध्ये अंतर किती ठेवलंस?"

"नाव मावत नव्हतं ना, म्हणून सगळं निम्म्यावर आणलं. पण प्रमाण बरोबर आहे, मॅडम. भिंगातून बघा ना..."

'बघा' म्हटल्याचं लक्षात येताच स्नेहानं जीभ चावली.

"अडीच मिलिमीटर लागतात," त्रिवेणीताई म्हणाल्या. "बोटाला टिंबं वेगळी कळावीत म्हणून. पोरी, मी समोरच्या खोलीत बसते. दहा पावलं. एकदा बोट लावायला बोलवायचं होतंस."

एकनाथरावांनी माइकवर हात ठेवला. "साचा झाला होता, वेळ नव्हता. आता 'लुई ब्रेल' एवढं म्हणा आणि बसा. कुणाला कळणार आहे?"

"समोर तीन रांगा बसल्यात, त्यांना."

"त्यांच्या हातात कुठे देतोय आपण!"

स्नेहाला आता रडू फुटायचं बाकी होतं. "मॅडम, प्रत्येक डबीबरोबर एक कार्डपण आहे. तुमच्यासाठी सरप्राइज होतं."

तिनं हातात दिलेल्या कार्डाच्या तळाशी ब्रेलमध्ये एकच ओळ होती. त्यांच्याच मशीनवर काढलेली, सुबक, एकेक टिंब जागेवर: 'ब्रेल तपासणी: त्रिवेणी'. त्यांच्या कानशिलात रक्त चढलं. चूक लोकांची आणि खाली सही आपली! ती ओळ दोनशे पाहुण्यांच्या घरी जाणार होती.

त्यांनी एकनाथरावांचा हात माइकवरून ढकलला.

"या नाण्यावर वाचता येईल असं काहीही नाही. मी हे तपासलेलं नाही." आणि नाणं त्यांनी पहिल्या रांगेत देऊन टाकलं. हातोहात ते फिरलं. एक मुलगी ओरडली, "अक्का, ये तो खाली खरखर है!"

"संस्थेची शोभा केलीत," एकनाथराव दात चावत म्हणाले.

"मी? मला विचारलं असतंत तर झाली नसती."

त्या खाली उतरल्या. मागच्या टेबलावर दोनशे डब्या रचलेल्या होत्या. राणीनं खुर्ची दिली. त्यांनी पहिलं कार्ड काढलं आणि आपल्या नावावर नख घासायला सुरुवात केली. मघाचा राग अंगठ्यात उतरला होता.

"पाहुण्यांना द्यायच्यात त्या!" एकनाथराव मागून आले.

"द्या की. आधी माझं नाव निघू दे."

चाळीसएक कार्डं झाली असतील. शेजारची खुर्ची सरकली. स्नेहानं एक कार्ड उचललं, नखानं घासलं आणि पुढे केलं. त्रिवेणीताईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"एक टिंब राहिलंय," त्यांनी कार्ड परत केलं. "जोर लाव. बोटाला काही लागता कामा नये."