तिच्या वाटचं मागणं

गाडी शिकायला येणारी मंडळी तिला ब्रेकबाई म्हणायची. तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि तो दाबून दाबून तिच्या उजव्या बुटाचा तळ पार झिजला होता. "तुम्ही फक्त समोर बघा, जीव सांभाळायचं काम माझं," असं ती नवख्यांना सांगायची. दिवसभर शिकवण्या, आधी आणि नंतर स्वयंपाक, मुलींची शाळा, सासूबाईंची औषधं. निवांत देवाजवळ बसावं असं तिला फार वाटायचं. पण तिला देव भेटायचा तो लाल दिव्यापाशी. गाडी थांबली की ती मनातल्या मनात सुरुवात करायची, तेवढ्यात शेजारून प्रश्न यायचा, "बाई, पहिला गिअर टाकू?" झालं!

नवऱ्याला मात्र वेळ मिळायचा, कारण तो तीच काढून द्यायची. रोज ऑफिसला निघण्याआधी तो जिन्याखालच्या खोलीत कडी लावून बसायचा. मुलींचा आवाज जरा चढला की ही डोळे वटारायची. "हळू! बाबा देवाजवळ बसलेत." तो बाहेर येईपर्यंत ती मिक्सरसुद्धा लावायची नाही. घरात एकाचं तरी नीट चाललंय आणि त्यात थोडा वाटा आपलाही आहे, असं ती धरून चालली होती.

गेल्या वर्षी तिची आई आजारी पडली. दवाखान्याच्या खेपा घालून ती पिळून निघाली. "मला दोन मिनिटं बसायला होत नाही हो. आईसाठी तुम्हीच मागा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मागतोच आहे की. रोज."

एकदा तर खोलीतून बाहेर येऊन त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस. आज आतून वाटलं, आई उठतील."

आई उठली नाही. पण कुणीतरी आपल्या वतीने मागत होतं, एवढ्या आधारावर तिने ते दिवस काढले.

मग एका सकाळी पहिल्या शिकाऊने ताप आल्याचं कळवलं. ती मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली. खोलीची खिडकी उघडी होती. आत नवरा पाय स्टुलावर टाकून रेलला होता. कानात इअरफोन, हातात मोबाइल. कुस्ती चालली होती, आणि आवाज होऊ नये म्हणून तो तोंडावर हात दाबून हसत होता.

तिने खिडकीवर टकटक केली. तो दचकला.

"आजच जरा..." त्याने सुरुवात केली. मग तिचा चेहरा बघून थांबला. "अगं, सुरुवातीला बसायचो खरंच. नंतर मन लागेना. मलाही थोडा वेळ हवा होता गं, एकट्याचा."

"मग मागायचा. मी नाही म्हटलं असतं?" तिचा आवाज चिरकला. "आईच्या वेळी तरी?"

तो इअरफोन गुंडाळू लागला.

"उठतील म्हणालात. आतून वाटलं म्हणालात."

"तुला धीर यावा म्हणून बोललो."

कपडे तिथेच टाकून ती घरात आली. सासूबाईंना सांगताना तिला रडू फुटलं. सासूबाईंनी नजर चुकवली. "मला ठाऊक होतं. पण घरात शांतता होती ना? म्हटलं, कशाला सांगा."

म्हणजे पहारा देणारी ती एकटीच वेडी!

तिने सकाळची पहिली शिकवणी सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत स्वतः जाऊन बसू लागली. शांत वगैरे काही वाटलं नाही. डोळे मिटले की ते दाबलेलं हसू दिसायचं. कितीतरी दिवस ती देवाशी नुसती भांडली. 'तुला तर दिसत होतं ना सगळं?' असं विचारून विचारून दमली, की आईबद्दल बोलायची. तिचं दुखणं, तिचे हात, शेवटी तिने मागितलेलं पाणी. हे सगळं सांगायला फार उशीर झाला होता, तरी ती सांगत होती.

बाहेर नवरा आता मुलींचे डबे भरायचा, त्यांना गप्प बसवायचा. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तिला त्याचं कुठलंच वाक्य पूर्ण खरं वाटेना, 'भाजी छान झाली' हेसुद्धा.

मध्ये नणंद राहायला आली. जेवताना कौतुकाने म्हणाली, "वहिनी, दादाचं देवाजवळ बसणं अजून चालू आहे ना? एवढ्या धावपळीतही वेळ काढतो हो!"

तिने नणंदेच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "तुमच्या दादालाच विचारा."

नवऱ्याने मान वर केली नाही.