सबनीस सरांची पिवळी रेघ

दिनकर सबनीस यांचा जगात कुणावरही विश्वास नाही. जन्म पहाडगंजातला, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, सगळं आयुष्य दिल्लीत. घरी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा ते पेनाने खूण करून ठेवतात, असं त्यांच्या बायकोनेच, वृंदावहिनींनी मला सांगितलं. वर म्हणाल्या, "मयुरा, ऑफिसात तुझं कसं निभतं गं यांच्यापुढे?"

कसंबसं निभतं. फरिदाबादला आमच्या कारखान्यात अवजड यंत्रं बनतात आणि उघड्या ट्रेलरवरून गिऱ्हाइकाकडे जातात. वाटेत यंत्र सरकू नये, त्याला पोचा येऊ नये, हे बघणं सरांचं काम. मी त्यांच्या हाताखाली. काम ते डोळ्यांत तेल घालून करतात, हे कबूल. यंत्राखाली लाकडी ठोकळे, धारदार कडांवर रबर, वरून सहा जाड पट्टे. आणि पट्टा आवळायच्या प्रत्येक खटक्यावरून पट्ट्यापर्यंत रंगाची एक पिवळी रेघ. मुक्कामी रेघ तुटलेली दिसली, की ड्रायव्हरने वाटेत पट्टा सोडला असं धरायचं.

"पण सोडतील कशाला?" मी एकदा विचारलं.

"वाटेत दुसऱ्याचा माल चढवतात, यार. तू नवीन आहेस."

मला चार वर्षं झाली होती.

मार्चमध्ये सतबीर पानिपतला यंत्र घेऊन गेला. सोनीपतकडचा, पन्नाशीचा माणूस. अकरा वर्षांत त्याच्या ट्रेलरवरच्या मालाला साधा ओरखडा नाही. तिथून फोटो आले. यंत्र ठणठणीत, पण सहाच्या सहा रेघा तुटलेल्या. सरांच्या मनात पाल चुकचुकली आणि सतबीरची उलटतपासणी सुरू झाली.

"पट्टे ढीले हो गए थे, साहब. मैंने कस दिए."

"छह के छह?"

"चलते-चलते लकड़ी बैठ जाती है, साहब. सब ढीले होते हैं."

सर हसले. त्यांचं ते नाकातलं हसणं मला मुळीच आवडत नाही. त्याच दिवशी सतबीरचं नाव आमच्या यादीतून उडालं. आमच्या मालावरच त्याचं घर चालत होतं, मुलगी नर्सिंग शिकत होती. हे मला माहीत होतं आणि तरी मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

तीन आठवड्यांनी रामफल नावाचा ड्रायव्हर तसंच यंत्र घेऊन पानिपतला गेला. या वेळी रेघा सहाही शाबूत, पण यंत्र वीतभर सरकलेलं आणि बाजूचा पत्रा आत दबलेला. सरांना त्यातही काळंबेरं दिसलं. म्हणाले, "बिल्कुल सरळ आहे. यानेच नव्या रेघा ओढल्या असणार." परत आलेल्या खटक्यांवरचा रंग त्यांनी नखाने खरवडून पाहिला. रंग आमचाच होता.

"ढीला तो दिखा था," रामफल खाली बघत म्हणाला. "पर हाथ कौन लगाए? सतबीर का हाल सबने देखा है."

सरांना तेही पटेना. पुढच्या ट्रेलरमागे ते स्वतः गाडी घेऊन निघाले, मला शेजारी बसवून. चाळीस किलोमीटरवर ट्रेलर थांबवला आणि पट्ट्याखाली हात घातला. त्यांची अख्खी मूठ आत गेली. ठोकळे दबून पट्टे आपोआप सैल पडले होते. सहाच्या सहा.

दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा भंगारात गेला. सरांनी सतबीरला फोन केला, माझ्यादेखत "गलती मेरी थी" म्हणाले. मला त्यांचा खरंच अभिमान वाटला. सतबीर परत आला. आता सगळं सुरळीत होईल, असं आम्ही धरून चाललो.

पहिल्याच फेरीला, तासाभरात त्याचा फोन.

"साहब, पट्टा ढीला है. कसूं?"

"अरे कस ना! पूछता क्या है?"

"लिखके भेजिए."

चष्मा लावून सरांनी एका बोटाने मेसेज टाइप केला, पट्टा कसायला माझी परवानगी आहे म्हणून, खाली स्वतःचं पूर्ण नाव.

फोन लगेच पुन्हा वाजला.

"ये तो एक पट्टे का हुआ, साहब," सतबीर शांतपणे म्हणाला. "पांच और हैं."