दुधासारखं पाणी

शेजारच्या प्लॉटवर आज सकाळी नव्या घराच्या पायात वाळवीचं औषध मारत होते. तो उग्र, रॉकेलसारखा वास खिडकीतून आत आला आणि वाघोलीतलं आमचं हे घर बांधत होतो तेव्हाचा एक दिवस आठवला. जोत्यातला मुरूम चोपून झाला होता, त्यावर औषध मारून लगेच काँक्रीट ओतायचं होतं. कंत्राटदाराने नारळ फोडला, पेढे वाटले आणि औषधाचं पिंप पुढे आणलं. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं रसायनं हाताळून निवृत्त झालेल्या बाबांनी पिंपात वाकून वास घेतला. म्हणाले, "अहो, औषध पडलं की पाणी दुधासारखं होतं. हे तर नितळ आहे, वासही नाही." कंत्राटदार हसला. "काका, नवीन औषध आहे. बिनवासाचं." बाबा म्हणाले, "मग डबा दाखवा." तशी त्याने माझ्याकडे पाहिलं. काँक्रीटची गाडी दारात उभी होती. मी सगळ्या मजुरांदेखत म्हणालो, "बाबा, तुमची फॅक्टरी संपली आता. खुर्चीवर बसा बघू." ते बसले. पेढा तसाच हातात राहिला. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच खोलीच्या चौकटीवर वाळवीच्या मातीच्या रेघा चढल्या. पुढे हयात होते तोवर रोज सकाळी ते जुन्या सुरीने त्या खरवडायचे, पडलेली माती स्वतःच सुपलीत भरायचे, आणि 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. आज मी कुंपणावरून डोकावून पाहिलं. शेजाऱ्याच्या पिंपातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं.