नेढ्यात, दुपारी बारा वाजता

घरच्यांना न विचारता कचेरीत लग्न करायचं असेल तर आधी नोटीस द्या, असं कायदा म्हणतो. ती नोटीस कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लागते. आणि नगरच्या कचेरीत महिनाभरात कोण येत नाही? कुणी उताऱ्याला येतं, कुणी तारखेला येतं, कुणाचा चुलतभाऊ तिथंच शिपाई असतो. म्हणजे जिला लपून लग्न करायचं तिनं स्वतःचं नाव तीस दिवस चव्हाट्यावर टांगायचं. ज्यानं हा नियम केला त्याच्या घरात मुलगी नसावी. असली तर बोलत नसावी. यावर मी पत्रक काढणार होते, पण तेव्हा मला पत्रकापेक्षा लग्नाची घाई होती.

मी सोनईची. घर बागायतदार, दारात जीप, शिकायला म्हणून मला नगरच्या वसतिगृहात ठेवलेली. तो पाथर्डीकडचा. त्याचे आईबाप दर दसऱ्यानंतर कोयते घेऊन उसाला जातात आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. ऊसतोडीची मजुरी वाढावी म्हणून आम्ही काही मुलंमुली नगरमध्ये काम करत होतो, तिथं आमची ओळख झाली. जाती वेगळ्या. त्यांची नावं मी लिहीत नाही, वाचणाऱ्यानं आपापली घालावी, हिशेब तोच येतो.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं की वडिलांनी, आबांनी, कर्जतकडं माझी सोयरीक ठरवली आहे. मार्गशीर्षात लग्न.

"मुलगा कोणी पाहिला?" मी आईला विचारलं.

"आबांनी विहीर पाह्यली. पावसाळ्याआधीबी दोन परस पानी हुतं म्हनं."

मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "उठ उठ. तितं गेल्यावर उठून दाखव."

नगरला परत आल्यावर आमच्या कामात मदत करणाऱ्या एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, हिंदू विवाह कायद्याला फळा लागत नाही. अग्नी हवा, सात पावलं हवीत, दोन साक्षीदार हवेत, आणि शहाण्या असाल तर एक फोटो. "सातवं पाऊल पडलं की लग्न झालं. मग तुमचे वडील दुसरीकडं लावू शकत नाहीत. पण सहाव्यावर कोणी उचलून नेलं तर काहीच झालेलं नाही, हे लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवलं. पुढचे पंधरा दिवस मला सहा हा आकडाच दिसत होता.

जागा मी ठरवली. कॉलेजच्या सहलीत एकदा रतनगडावर गेले होते. भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडं रतनवाडी आहे, तिथून रानातून तीन तास चढलं की गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे. त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. आत उभं राहिलं की एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला खोल कोकण, आणि मधून असा वारा की बोललेलं तोंडातून उडून जातं. तिथं ना कुठल्या कारखान्याचा संचालक, ना मंगल कार्यालय, ना आबांचा कोणी सोयरा.

तो म्हणाला, "संगमनेरला माझ्या मित्राची खोली आहे. दार लावून घेऊ. दहा मिनिटांचं काम."

"चोरी नाही करत आपण."

"आणि तुझा अग्नी? त्या वाऱ्यात?"

मी कंदील न्यायचा ठरवला. वकिलांना विचारून आले. ते हसले आणि म्हणाले, "चूल की कंदील असं कायद्यात लिहिलेलं नाही."

तारीख मात्र त्यानं ठरवली. त्याचे आईबाप टोळीबरोबर गेले की मग. घराला कुलूप असलं म्हणजे माझा भाऊ मारायला गेला तरी त्याला तिथं कोणी सापडणार नाही. ऊसतोडीनं गरिबाला दिलेलं एवढं एकच संरक्षण मला माहीत आहे, आणि हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं.

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण मी पत्रक लिहिलं. 'आम्ही लग्न करीत आहोत!' असा मथळा, मग लग्नाची शपथ. खाली, बैलबाजारात दात मोजून जनावर विकतात तशी मुलगी विकणाऱ्या बापांना जाहीर सवाल. आणि सर्वांत खाली, जशी प्रत्येक पत्रकावर असते तशी, चौकटीत ओळ: 'स्थळ: रतनगडाचे नेढे. वेळ: दुपारी बारा.' वर तारीख. ज्या घटकेला आम्ही सातवं पाऊल टाकू त्याच घटकेला हे नगरच्या स्टँडवर वाटलं जावं, अशी माझी योजना.

तो म्हणाला, "ठिकाण कशाला?"

"ठिकाण नसलेलं पत्रक म्हणजे निनावी चिठ्ठी."

आमच्याकडं सायक्लोस्टाईलचं मशीन चालवणारा एक गडी होता. मशीनवालाच म्हणते त्याला. स्टेन्सिल तो कापायचा, शाईनं कोपरापर्यंत काळा व्हायचा. फोटो काढायला आणि साक्षीदार म्हणून त्यालाच बरोबर घेतलं. आदल्या दिवशी एस.टी.नं आम्ही तिघं शेंडीला पोचलो, शाळेच्या ओसरीवर झोपलो आणि दिवस उगवताना होडीत बसलो. होडीवाला तिथलाच, पन्नाशीचा. त्यानं कंदिलाकडं पाहिलं. "ताई, सूर्य निगालाय की."

पाणी सपाट होतं. निम्मं अंतर गेलं असेल. मी सहज मशीनवाल्याला विचारलं, "नगरचं बंडल कोणाकडं दिलंस?"

"वसतिगृहातल्या पोरीकडं. ती आज बारालाच वाटेल. बाहेरगावचीपण सगळी वेळेवर गेली."

"बाहेरगावची कसली?"

"नेहमीची. राहुरी, शेवगाव, सोनई. काल सकाळच्या गाड्यांना कंडक्टरकडं टाकली ना."

हा नियम माझाच. पत्रक सगळीकडं एका वेळी वाटायचं तर बाहेरगावचं बंडल आदल्या दिवशीच्या एस.टी.नं जातं. वर्षभरापूर्वी एक बंडल उशिरा पोचलं म्हणून याच माणसाला मी चारचौघांत झापलं होतं. तेव्हापासून तो विचारत नाही, टाकतो. आणि सोनईला आमचा जो माणूस आहे तो उतावळा, हातात कागद आला की वाटून मोकळा.

"काल सोनईचा बाजार होता," मी म्हणाले.

मशीनवाल्याच्या तोंडावरचा रंग गेला. "बाई, मला वाटलं..."

"तुला काही वाटायला नको, हेच मी तुला शिकवलंय."

तो, म्हणजे ज्याच्याशी मी लग्न करणार होते तो, आमच्याकडं वळलाच नाही. मागं पाहत होता. मग त्यानं होडीवाल्यालाच विचारलं, "मामा, ती कोणाची होडी?"

मागं, पार धरणाच्या बाजूला, पाण्यावर एक काळा ठिपका होता.

होडीवाल्यानं डोळ्यांवर हात धरला. "आमच्याच भावकीतली. तीन मानसं बसल्यात. वल्ही लई जोरात चालल्यात, बक्षीस कबूल केलं आसंल." मग आमच्याकडं आणि कंदिलाकडं पाहून त्याला उमगलं. "आसं हाय व्हय," म्हणाला आणि स्वतःची वल्ही जोरात ओढू लागला. बक्षीस आम्ही कबूल केलं नव्हतं.

रतनवाडीला उतरलो तेव्हा ती होडी अर्ध्या तासावर असेल. मी गडाची वाट धरली.

तो जागचा हलला नाही. "कुठं निघालीस?"

"नेढ्यात."

"ते पण तिथंच येणार. तीन तास चढून जायचं, आणि वर दोन्ही बाजूंना दरी. पळशील कुठं?"

"पत्रकावर नेढं लिहिलंय. शंभर लोकांनी वाचलंय. खोटं पडेल."

"पडू दे."

"तुला काय, तुझी सही नाही त्याच्यावर!"

"तुला माझ्याशी लग्न करायचंय की त्या कागदाशी?" तो आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, म्हणून मला जास्त राग आला. "तू वर जा. मी येतो तुझ्यामागं. पण सहाव्या पावलावर तुझा भाऊ आला तर मला सांगू नकोस की पत्रक खरं ठरलं."

होडीवाला होडी झुडपाआड ओढून दोर बांधत म्हणाला, "वर जायाला तीन घंटे, उतराया दोन. भांडाया किती लागतील त्ये ठरवा आन् निघा."

आम्ही वाटेवरून निघालो आणि पहिल्या ओढ्याशी वाट सोडून कारवीच्या रानात शिरलो. कारवी माणसापेक्षा उंच, दाट, पण सुकत आलेली. हललं की कडकड वाजते. चौघं उकिडवे बसलो, होडीवालाही, कारण दुसरा साक्षीदार म्हणून त्यालाच वळवलं होतं आणि त्याला आता मजा येऊ लागली होती.

ते आले. आधी वहाणांचा आवाज, मग भावाचा. दहा हातांवरून गेले असतील. भावाच्या हातात काठी होती आणि बरोबर आमच्या वस्तीवरचे दोन गडी. एकजण धापा टाकत म्हणत होता, "मालक, जरा दम खाऊ. येवढ्या लांब कशाला येत्यात मानसं लगीन लावाया? मारुती काय बंद हुता का?"

"चल गप. बारा लिवलंय ना? तिचं बारा म्हंजी बारा. आपुन आदी वर जाऊन बसू."

"आन् आल्या न्हाईत तर?"

"लिवलंय म्हंजी येनारच," भाऊ म्हणाला. "लहानपनापास्नं वळखतो तिला. मराया निगाली तरी आदी येळ सांगंल."

मी उठले असते. खरंच सांगते, त्या वाक्यावर मी उठून उभी राहणार होते आणि त्याला तिथंच जाब विचारणार होते, की विहीर बघून बहीण देता, वर तिचीच चेष्टा करता? तोंड उघडलंही होतं. शेजारून त्यानं माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. त्याचा हात गार पडला होता. तोपर्यंत मी त्याला कधी घाबरलेला पाहिला नव्हता. मार खाल्ला असता तर त्यानं खाल्ला असता, मला फक्त घरी नेलं असतं. हे मला सगळ्या पत्रकांनंतर तिथं, त्या कारवीत कळलं. मी खाली बसले.

आवाज वर रानात विरेपर्यंत थांबलो. मग ओढ्यात उतरलो. सपाट कातळ होता, पाणी घोट्याएवढं. कंदील मधे ठेवला. पहिल्या दोन काड्या ओल्या निघाल्या, तिसरी होडीवाल्यानं दिली. पत्रकातली शपथ मी वाचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत वाचली. पावलं होडीवाल्यानं मोजली. सहा म्हणून तो थांबला, पाय घसरेल म्हणून शेवाळ दाखवायला. "मामा, पुढं!" मी ओरडलेच. सातवं पाऊल शेवाळावर पडलं. मशीनवाल्यानं फोटो काढला. त्या फोटोत आम्ही दोघंही गडाच्या वाटेकडं पाहतो आहोत.

पत्रकावरचं 'नेढे' मी पेन्सिलीनं खोडलं आणि 'ओढा' लिहिलं. बारा खोडून साडेनऊ केलं. एकाच प्रतीवर. बाकीच्या तशाच राहिल्या.

परत शेंडीला आलो तेव्हा दुपार झाली होती. काठावर आमच्या घरची जीप उभी, रिकामी. मशीनवाला म्हणाला, "चाकातली हवा सोडू?" माझा नवरा म्हणाला, "नको. त्यांनाही घरी जायचंय." मग आम्ही फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे राहिलो. दोनची गाडी आलीच नाही. चार वाजेपर्यंत तिथं उभे होतो. पाण्यावर काही हललं की मी डोळ्यांवर हात धरायचे. सात पावलं पडली होती, फोटो होता, पण तीन माणसं आणि एक काठी यांना कायदा कोण वाचून दाखवणार होतं? चारला गाडी आली. आम्ही चढलो. पाणी तोपर्यंत रिकामंच होतं.

हे मला त्या वेळी नशीब वाटलं. नशीब या शब्दावर माझा विश्वास नाही, तरी दुसरा शब्द सापडला नव्हता.

परवा पाथर्डीच्या दुष्काळी कामावर भाऊ आला. दोन वर्षांनी. मी खडी फोडणाऱ्या बायकांची हजेरी तपासत होते. मुकादम कमी मांडतो, त्याच्यावर वेगळं लिहिणार आहे. भाऊ खडीच्या ढिगाऱ्यावर बसला. टोपी काढली, घाम पुसला.

"बाराला वर हुतो मी," तो म्हणाला. "तू न्हवतीस."

"तुझ्यापासून दहा हातांवर होते. खाली, कारवीत."

"आसं." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "आबा म्हनत्यात, बाजारात तोंड काळं केलं त्ये केलं, वर लिवलेलंबी खोटं. बैलबाजार काय, सवाल काय. आन् जाग्यावर न्हाई."

"काठी कशाला आणली होतीस?"

"उचलून न्यायालाच आल्तो. खोटं कशाला सांगू?"

मी हजेरीची वही मिटली. त्याला चहा मागवला. तो बशीत ओतून प्यायला आणि मग माझ्याकडं न बघता बोलू लागला.

"साडेआकरालाच पोचलो आमी. वारा लई. खाली पानी दिसत हुतं, त्यात येक व्हडी, धरनाकडं चाल्लेली. गडी म्हनला, मालक, त्याच त्या, पळा, शेंडीला गाठू."

"मग?"

"मग काय. मी म्हनलं, पत्रकावर बारा लिवलंय. बारा वाजूंद्या." त्यानं बशी खाली ठेवली. "वाजल्यावर भाकरी सोडली. निवांत जेवलो. मग उतरलो."