पाणी यायच्या वेळेला डक्टमधली मांजर

आमच्याकडे ॲबिसिनियन जातीची मांजर आहे असं मी कुणाला सांगितलं की तो माणूस आधी मांजरीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर कीव असते. कारण ही दिसते सशाच्या रंगाची, मोठ्या कानांची, किडकिडीत. दिवा स्टेशनाबाहेर भाजीच्या गाड्यांखाली असल्या चार तरी सापडतील असं कुणालाही वाटावं. खालच्या मजल्यावरच्या मावशी, ज्यांचं सगळं आयुष्य खाडीकाठच्या कोळीवाड्यात मासळी आणि मांजरं यांच्यातच गेलं, त्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "आनि ही तुमी मुद्दाम आनली?"

मी नाही आणली. मुलीने आणली आणि बंगळूरला नोकरी लागली तशी आमच्याकडे ठेवून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, हिला खायला उशीर झाला तर चालेल. पण एकटं सोडू नका. ही सारखी माणसाच्या मागे लागते."

मागे लागते म्हणजे किती, ते मला आठवड्यात कळलं. मी दाढी करताना ती खांद्यावर असायची. पिठाचा डबा उघडला की पिठात मिशा. कपाटाचं दार पंजाने उघडायची, नळाखाली हात धरून पाणी येतंय का ते बघायची, आणि दिव्यात राहत असल्याने ते बहुतेक वेळा येत नसायचं. मी बोललो की कान माझ्याकडे वळवून उत्तर द्यायची. आता रिटायर झालेल्या माणसाला याहून काय हवं? तीस वर्षं मी घरात बोलतोय. बायको पहिली दोन वर्षं ऐकत होती. त्यानंतर नियमाने ऐकणारी ही पहिलीच.

दुसरा श्रोतृवर्ग मी सोसायटीत तयार केलेला. मी सेक्रेटरी आहे. कुणी उभं राहायला तयार नव्हतं म्हणून झालो, पण मी ते कुणाला सांगत नाही. आमची बिल्डिंग पाच मजली, लिफ्ट नाही. पालिकेचं पाणी संध्याकाळी चाळीसेक मिनिटं येतं. खालची टाकी लहान आहे, त्यामुळे पाणी येत असतानाच पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं, नाहीतर जे आलं ते गटारात. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह सहा महिने बिघडलेला. तो बदलायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी "विचाराधीन" ठेवलेलं. तोपर्यंतची व्यवस्था अशी की वरची टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी धबाधबा डक्टमध्ये पडतं, त्याचा आवाज खाली वॉचमनला ऐकू येतो आणि तो पंप बंद करतो. डक्ट म्हणजे बाथरूमच्या खिडक्यांमागची ती उभी अंधारी विहीर, जिच्यात सगळ्यांचे पाइप आणि सगळ्या कबुतरांचे संसार असतात.

आता वॉचमन पंप वेळेवर लावतो की नाही, हे कळायला नको? म्हणून मी आमच्या बाथरूमच्या खिडकीच्या दोन काचपट्ट्या काढून ठेवलेल्या. रोज संध्याकाळी तिथे डोकं घालून पंपाची घरघर ऐकायचो. बायको म्हणायची, "अहो, लोक बाथरूममध्ये आंघोळ करतात." मी म्हणायचो की जबाबदारीच्या जागेवर असलं की करावं लागतं. मांजर खांद्यावर बसून माझ्याबरोबर ऐकायची. ती कबुतरं ऐकत होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी साडेचारला मी सोफ्यावर बसून मोठ्याने तिच्याशी बोलत होतो. विषय होता आदल्या दिवशी पाणीच न आल्याने लोकांनी मला जिन्यात काय काय ऐकवलं हा. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की उत्तर येत नाही. मी हाक मारली. उत्तर आलं, पण लांबून, आणि मडक्यातून आल्यासारखं.

बाथरूममध्ये धावलो, डोकं बाहेर काढलं. आम्ही चौथ्या मजल्यावर. साधारण पाच-सहा फूट खाली, समोरच्या भिंतीवरच्या पाइपाला जिथे कोपर आहे, त्या कोपरावर ती चारी पाय एकत्र करून उभी होती. बशीएवढी जागा. खाली चार मजले अंधार आणि तळाला फुटक्या फरशा. कबुतर अर्थातच कुठेच नव्हतं.

मी तिला धीर द्यायला म्हटलं, "थांब हं बाळा, मी आहे."

तिने वर बघितलं, मला ओळखलं आणि माझ्याकडे यायला निघाली. पुढचे पाय गुळगुळीत पाइपावर टाकले, नखं घसरली, मागचा एक पाय कोपरावरून सुटला आणि ती क्षणभर पोटावर लोंबकळली. मग कशीबशी पुन्हा जागेवर. मी काय केलं असेल? पुन्हा बोललो. "नको नको, हलू नकोस," म्हटलं. तिला तेवढं आमंत्रण पुरेसं होतं. या वेळी ती आधीपेक्षा जास्त घसरली.

माझ्यामागून बायकोने खिडकीतून बघितलं आणि सरळ खाली गेली. ती मावशींना घेऊन येईल असं मला वाटलं. मावशी आल्या नाहीत. त्यांच्या बाथरूमची खिडकी आमच्या बरोबर खाली उघडते, तिच्या काचपट्ट्या एकेक करून निघाल्या आणि त्यांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी वर मांजरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सेक्रेटरी, तुमी काय करताव?"

"बोलावतोय तिला."

"तेच नको. तुमचा आवाज आयकला का ती वर चढते न पडते. आमच्या जाल्यान मासली कंदी हाक मारून येते का? तोंड बंद ठेवा न आत व्हा."

मी आत झालो. पण आत होऊनही माणसाला बोलता येतं, म्हणून परत वर आलेल्या बायकोने माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला, त्याचा टॉर्च लावला, मला खिडकीपासून बाजूला केलं आणि स्वतः तिथे उभी राहिली. मी मोरीच्या उंबऱ्यावर उभा. खालून मावशींची खुडबुड ऐकू येत होती. पोटमाळ्यावरून जुनं जाळं काढत होत्या. नवऱ्याने होडी विकली तेव्हा ते तेवढं त्यांनी ठेवलेलं. बायको मला बोटांनी खुणा करून सांगत होती: जाळ्याचं एक टोक मावशींच्या खिडकीला बांधलं, दुसरं काठीने समोरच्या पाइपाच्या क्लॅम्पला अडकवायचं चाललंय. एकदा निसटलं. परत.

तेवढ्यात दारावर थाप. वॉचमन.

"साहेब, पाणी आलंय. काल आलं नव्हतं ना, आज जोरात आहे. पंप टाकतो."

पंप लावला की अर्ध्या तासात टाकी भरणार, आणि टाकी भरली की माझ्या विचाराधीन व्हॉल्व्हच्या कृपेने सगळं पाणी डक्टमध्ये, थेट तिच्या डोक्यावर. त्या बशीएवढ्या जागेवरून ती वाहून जायला एक तडाखा बस्स होता. आणि पंप नाही लावला तर वीस घरांना सलग दुसऱ्या दिवशी पाणी नाही. पाचव्या मजल्यावर बाळंतीण आहे. आदल्या दिवशी तिच्या सासूने मला जिन्यात गाठून सांगितलेलं की आता बादलीत तुमचं तोंड घालून काय निघतं ते बघते.

"पाच मिनिटं थांब," मी कुजबुजलो.

"पाच मिनिटं थांबलो तर वाहून जाईल साहेब. तुम्हीच नोटीस लावलीय, एक मिनिट उशीर चालणार नाही म्हणून. खाली चार जण उभे आहेत."

बायको खिडकीतून मागे न वळता म्हणाली, "लाव म्हणावं. आणि तुम्ही गच्चीवर जा. टाकीत बघत बसा. भरत आली की बंद करायला सांगा."

सोपं होतं. मी वॉचमनला पंप लावायला पाठवलं आणि गच्चीवर पळालो. टाकीचं झाकण सरकवलं. पाणी येत होतं आणि खरंच जोरात होतं. मी काठावर वाकून बसलो. डक्ट वर गच्चीत उघडाच आहे, टाकीपासून चार पावलांवर, भोवती गुडघाभर कठडा. त्यातून खालचं काही दिसत नव्हतं, फक्त मधूनमधून टॉर्चचा उजेड भिंतीवर हलायचा. एकदा तिचा आवाज आला, प्रश्न विचारल्यासारखा. मी गुडघ्यात तोंड खुपसून बसलो, कारण मला स्वतःवर भरवसा नव्हता.

पाणी वर वर येत होतं. ओव्हरफ्लोच्या पाइपाला वीतभर राहिलं तेव्हा वॉचमनला फोन करायला मी खिशात हात घातला. मोबाइल खिडकीत टॉर्च होऊन बसलेला.

मग ओरडणं हा एकच मार्ग. मी उठून तोंड उघडलंसुद्धा आणि तसाच थांबलो. इथून ओरडलं की आवाज डक्टमधूनच खाली जाणार. आणि तो आवाज ऐकला की जगातला एकच प्राणी माझ्याकडे यायला निघतो.

पळत खाली जाऊन सांगावं तर पाच मजले, माझे गुडघे, आणि पाणी पाइपापासून जेमतेम चार बोटांवर. दोन मिनिटांत ओव्हरफ्लो सुरू होणार.

मी शर्ट काढला. बनियन काढला. बनियनचा बोळा करून टाकीत खांद्यापर्यंत हात घालून ओव्हरफ्लोच्या पाइपात कोंबला आणि वरून शर्टही ठोसला. आयुष्यात सुचलेल्या अकलेच्या गोष्टी मी मोजल्या तर ही वरच्या नंबरांत येईल, आणि मूर्खपणाच्या मोजल्या तरी येईल. पाणी पाइपात गेलं नाही. ते टाकीच्या काठावरून गच्चीवर सांडायला लागलं, ज्याबद्दल मी लोकांना दंड करतो. मी उघड्या अंगाने जिना उतरायला लागलो.

चौथ्या मजल्यावर आमचं दार उघडं होतं. आत बायकोची पाठ दिसत होती. मी थांबायला नको होतं, पण थांबलो. तिने आवाजावरून ओळखलं आणि पाठमोरीच हात मागे करून पंजा उभा केला. आत येऊ नका. मी दारात ठिबकत उभा राहिलो आणि माझ्या बायकोच्या पाठीकडे कधी बघितलं नसेल इतकं लक्ष देऊन बघितलं. खांदे ताठ होते. टॉर्चवाला हात अजिबात हलत नव्हता. खालून मावशींचा आवाज येत नव्हता, जाळ्याची सळसळ तेवढी. मग बायकोचा दुसरा हात हळूच वर आला आणि तिने स्वतःचा पदर तोंडावर धरला. मला वाटलं, संपलं.

टॉर्चचा उजेड हळूहळू खाली सरकला. आणि खांदे सैल पडले.

"अहो, स्वतःहून उतरली," ती वळून म्हणाली. "मावशींनी जाळ्यात सुका जवळा टाकला आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बघतसुद्धा नव्हत्या. ही आली आपली, हे काय आहे ते बघायला. चारी पाय आत." मग तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पंप बंद केलात ना?"

उरलेले मजले मी कसे उतरलो ते मला आठवत नाही. खाली वॉचमन डक्टच्या लोखंडी दाराला कान लावून बसलेला. चार जण बादल्या घेऊन त्याच्याभोवती.

"साहेब, अजून पडत नाही पाणी," तो म्हणाला. "आज टाकी मोठी झाली काय?"

मी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. वळून बघितलं तर माझ्यामागून जिन्यावरून एकेक पायरी करत पाणी खाली येत होतं, पाचव्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या चपला घेऊन. बाळंतिणीच्या सासूबाई त्या पाण्याबरोबरच आल्या. त्या काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. माझ्या अंगावर शर्ट नव्हता, तो मुद्दा त्यांनी दोनदा घेतला.

पाचव्यापासून तळापर्यंतचा जिना मी पुसला. कुणी मदतीला आलं नाही आणि तसं योग्यच होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा दिवे लागलेले. मावशींचं दार उघडं होतं. जाळं जमिनीवर ढीग करून पडलेलं आणि त्याच्या मधोमध ती बसलेली, एक नख तुटलेलं, पुढच्या पायाला हळद. एकेका गाठीचा वास घेत होती, त्यात किती खाडी उरलीय ते मोजल्यासारखी. मी उंबऱ्याशी बसलो. तिने मान वर केली, पण मी गप्प राहिलो. ती उठली, लंगडत आली आणि माझ्या ओल्या मांडीत शिरली. तिचं अंग अजून थरथरत होतं. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

मावशींनी गॅसवरून चहा उतरवला, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर मांडी घालून बसल्या.

"हां सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "आता बोला, काय बोलाचा ता."

मी चहा बशीत ओतला आणि तिच्या कानामागे खाजवत राहिलो.