टाकीवर वाकलेला मी

मी राहतो त्या नेपरव्हिल शहरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर माल्ट व्हिस्कीची एक छोटी डिस्टिलरी आहे. ऑफिसमधल्या मित्रांबरोबर तिथे टूरला गेलो होतो. टूर देणारी बाई पन्नाशीची, पायात रबरी बूट. बोलता बोलताच ती फरशीवर पसरलेले मोड आलेले जव लाकडी फावड्याने उलटत होती.

मग आम्ही लाकडी टाक्यांपाशी आलो. तिने एका टाकीचं झाकण सरकवून दाखवलं. आत जवाचं गोड पाणी यीस्टने फसफसत होतं. पुढे तेच तांब्याच्या भांड्यांत दोनदा उकळून, वाफ थंड करून दारू गाळतात, असं ती सांगत होती. वास घ्यायला मी आत वाकलो. नाकात झणकन काहीतरी गेलं आणि श्वासच मिळेना. तेवढ्यात तिने कॉलर धरून मला मागे खेचलं. मी फरशीवर आपटलो.

"वेडा आहेस का? आत हवा नाही, नुसता कार्बन डायऑक्साइड आहे!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "माझे वडील या टाकीवर असेच वाकले होते. वर आलेच नाहीत."

मी उठून बसलो. कसंबसं विचारलं, "तरी तुम्ही इथेच काम करता?"

तिने मागच्या ओकच्या पिंपांकडे पाहिलं. "त्यांनी गाळलेली शेवटची व्हिस्की अजून तिथे मुरतेय. ती एकटी कशी सोडू?"

एवढं बोलून तिने झाकण बसवलं, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि बाकीच्यांना पुढे घेऊन गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो, छाती भरून श्वास घेत.