छत्तीसचा आटा

इस्माईल मिस्त्रींच्या दुकानात गोडेतेलाचा एक रिकामा डबा आहे. सायकलीतून निघालेला आणि परत न बसलेला प्रत्येक नट-बोल्ट त्यात जातो. "कधी ना कधी कुणाला तरी बराबर बसतो," असं मिस्त्री म्हणतात. आमच्या सायकलीचे किस्से असेच साठत गेले. टाकवत नाहीत, आणि हल्ली एकेक बसायलाही लागलाय.

दुकान परतूरला, स्टेशनच्या रस्त्यावर. दर रविवारी सकाळी तिथे चौघं जमायचे. मिस्त्री स्वतः. कपाशीची शेती करणारे तात्या. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं आहेत ते बापू. आणि आमचे सर. सर म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवायचे, सगळा गाव त्यांना सर म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. रविवार मात्र बंद पडला नाही. त्यांच्या स्टुलावर आता मी बसते, एवढाच फरक.

यंदा जालन्याच्या काही हौशी मंडळींनी जुन्या सायकलींचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. सरांची सायकल मागितली आणि सोबत एक कार्ड पाठवलं. त्यावर दोन रकाने होते. 'बनवणारा' आणि 'मूळ देश'.

दोन्ही रकाने कोरे ठेवून मी कार्ड पर्समध्ये घातलं आणि रविवारी दुकानात गेले.

*

ही सायकल आमच्याकडे आली ती भंगारातून. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत वितळवायला बाहेरदेशातून भंगार येतं. सरांचा एक जुना विद्यार्थी तिथे कामाला होता. त्याला भेटायला म्हणून सर गेले आणि जीपच्या टपावर सायकल बांधून परत आले. सायकलीला कुणीतरी फाटकाला देतात तसला हिरवा ऑइलपेंट फासला होता. नाव कुठेच नाही. पुढच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असतो, तिथे नुसती दोन भोकं.

सरांनी जाहीर केलं, "इटलीची आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"आटे बघितले मी."

घरात पाहुणे बसले होते. मी चहा देता देता म्हटलं, "भंगारातून आणली अन् म्हणे इटलीची. तुमचाच एखादा आटा ढिला झालाय."

सगळे पोट धरून हसले. सरही हसले. पण त्यानंतर त्यांनी घरात सायकलीचा विषय काढला नाही. सायकल मिस्त्रींच्या दुकानात राहायला गेली. आमचा त्या एका गोष्टीवरून छत्तीसचा आकडा, असं मीच सगळ्यांना हसून सांगायचे.

कार्डावरचा 'मूळ देश' मला प्रदर्शनासाठी भरायचा नव्हता. ते ढिल्या आट्याचं वाक्य मला परत घ्यायचं होतं.

*

तात्यांनी ती सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती बैल विकत घेताना मारतात तशी चक्कर मारली. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं.

"सर, इटलीतल्या लोकांना सामान नसतंय का?"

"ही शर्यतीची आहे तात्या. पळवायची."

तात्यांनी एका बोटाने ती उचलून बघितली. अलगद वर आली. ते म्हणाले, "पळवायची म्हंजे चोरायची का? तसंय तर बराबर हाय."

*

मिस्त्रींनी एकदा रॉकेलने घासून हिरवा रंग थोडा काढला. नळ्या जिथे जोडल्या जातात तिथे पत्र्यात एक नक्षी कापलेली निघाली. कोयरी. अगदी पदरावर असते तशी.

तात्या लगेच म्हणाले, "संपलं. ही पैठणची."

सर म्हणाले, "तात्या, पैठणला साड्या विणतात."

"मंग? ज्याला लुगड्यावर कोयरी जमती त्याला लोखंडावर न जमायला काय झालं?"

बापू पुढे वाकले. ते बोलतात कमी. त्यांनी कोयरीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही नक्षी न्हाई. हा कान हाय."

मग त्यांनी समजावलं. मेंढरं एकमेकांत मिसळली की कुणाचं कोणतं ते कसं कळणार? म्हणून जो तो आपल्या मेंढराच्या कानाला आपला काप देतो. कुणी टोक उडवतं, कुणी खाच पाडतं. "नाव कुणी बी लिहील. काप एकाचाच असतो. ह्या मालकाचा काप हा."

"आणि कुणी कानच कापला तर?" सरांनी विचारलं.

"मंग दुसरी खूण असती. आत. कुणाला दिसणार न्हाई तिथं."

सर बराच वेळ बापूंकडे बघत राहिले. नंतर त्यांनी सगळ्यांसाठी दुसरा चहा सांगितला. सर दुसरा चहा सहसा सांगत नसत.

*

सरांची एक खोड सगळ्या शाळेला माहीत होती. ते उत्तर सांगत नसत. पोरगं वही घेऊन आलं की नुसती बघायची, बरोबर असेल तर लाल पेनाने लांब शेपटीची खूण करायची, चूक असेल तर वही तशीच परत. तात्यांचा थोरला त्यांच्या हाताखाली शिकला. तात्या एकदा भांडायला शाळेत गेले होते.

"सर, उत्तर सांगून टाकलं तर तुमचं काय बिघडतंय?"

सर म्हणाले, "माझं काही नाही. पण उत्तर सांगितलं की पोरं उठून जातात."

*

आता कार्डाचं. प्रदर्शनाआधी सायकल पूर्ण खोलून साफ करायची असं मिस्त्रींनी ठरवलं. पायडलं जिथे फिरतात त्या नळीत दोन्ही बाजूंना एकेक कप आट्यांवर बसवलेला असतो. हा उजवा कप सरांच्या हयातीत कायम ढिला व्हायचा. महिन्याला एकदा सर स्वतः पाना घेऊन तो आवळायचे, मिस्त्रींना हात लावू द्यायचे नाहीत. मिस्त्री म्हणायचे, "भंगार माल, दुसरं काय."

तर मिस्त्रींनी तो कप खोलायला घेतला. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या बोल्टच्या विरुद्ध फिरवला की तो निघतो. चाळीस वर्षं मिस्त्रींचा हात तसाच फिरतोय. त्यांनी जोर लावला. कप हलला नाही. पान्याला पाइप लावला. पाइपला तात्या लावले. कप आणखीनच आवळत गेला.

"मिस्त्री," बापू ओट्यावरून म्हणाले, "मेंढरू जिकडं ओढंल तिकडं येत नसंल, तर त्याला त्याच्या वाटंनं जाऊ द्यावं."

मिस्त्रींनी चिडून पाना दुसऱ्या दिशेला मारला. कप साध्या बोल्टसारखा सुटला.

मिस्त्री खाली बसले. "वहिनी, दोन्हीकडचे आटे सुलटे. असं मी कधीच बघितलं न्हाई." म्हणूनच तो चालवता चालवता आपोआप ढिला होत होता.

त्यांनी लगेच एका मोठ्या शहरातल्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "दोन्ही सुलटे म्हणजे इटली, नाहीतर फ्रान्स. कपाच्या आट्यांचं माप घ्या. पस्तीस मिलिमीटर भरलं तर फ्रान्स. छत्तीस भरलं तर इटली."

एका मिलिमीटरवर सगळं आलं.

घरी जाऊन सरांच्या खणातला कॅलिपर मी आणला. मिस्त्रींनी कप पुसला, माप लावलं, चष्मा वर केला, खाली केला. मग कॅलिपर माझ्याच हातात दिला.

छत्तीस.

तात्यांनी वाकून आकडा बघितला. मग म्हणाले, "वहिनी, तुमचाच आकडा निघाला की."

मी म्हटलं, "हो." आणि दुसरा चहा सांगितला.

*

देश मिळाला, बनवणारा राहिला. पुण्याला असलेल्या माझ्या लेकीने कोयरीचा फोटो जुन्या सायकलींच्या कुठल्याशा परदेशी ग्रुपवर टाकला. आठवडाभरात इटलीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप आला. लेकीने तो फोनमधल्या भाषांतरानेच मराठीत करून मला पाठवला. दुकानात तात्यांनी मोठ्याने वाचला:

"प्रिय मॅडम, चित्र सुंदर आहे. मला एका माणसाचा संशय आहे. आधी काटा काढा, मग आपण बोलू."

तात्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, कुणाचा काटा काढायचा म्हणतोय हा बाबा?"

बापू शांतपणे म्हणाले, "तात्याचा चालंल का विचारा."

लेकीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. सायकलीचं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला तिकडे जेवणाच्या काट्याचाच शब्द वापरतात. गृहस्थांचं म्हणणं होतं की चिमटा बाहेर काढा. त्यांच्या गावात एक कारागीर होता, एकट्याचं दुकान. पत्र्यातली ती खूण त्याचीच वाटते. पण खात्री हवी तर चिमट्याची दांडी बघा, जी नळीच्या आत लपलेली असते. त्याने बनवलेली असेल तर तिथे त्याच्या नावाची दोन अक्षरं ठोकलेली असतील.

"आत," बापू म्हणाले. "कुणाला दिसणार न्हाई तिथं."

*

मिस्त्रींनी चिमटा काढला. दांडीवर जुनं ग्रीस होतं. त्यांनी ते चिंधीने हळूहळू पुसलं. दोन अक्षरं होती. गृहस्थांनी कळवलेलीच. कोणती, ते मी इथे लिहीत नाही.

अक्षरांच्या बाजूला लाल रंगात बरोबरची खूण होती. लांब शेपटीची.

तो लाल रंग मी ओळखला. ती नेलपॉलिशची बाटली मी दोन महिने शोधली होती, आणि लेकीवर आळ घेतला होता.

मिस्त्री मोजत होते की सरांनी हा चिमटा कधी खोलला असेल. म्हणजे उत्तर माहीत असून किती रविवार ते नुसते ऐकत बसले. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं, नवीन ग्रीस लावलं आणि चिमटा होता तसा बसवला. खूण पुसली नाही.

कार्ड मी तिथेच ओट्यावर भरलं. 'मूळ देश'समोर इटली लिहिलं, शाळेत असताना मी अक्षर काढायचे तसं वळणदार. दुसरा रकाना भरायला पेन टेकवलं तर तिघंही माझ्याकडे बघत होते. मी पेनाला टोपण लावलं.

प्रदर्शनाला आम्ही चौघंही गेलो. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मिस्त्रींनी दुकानातलं स्टूल सोबत आणलं होतं, का ते मी विचारलं नाही. सायकलीपुढे गर्दी बरी होती. एक चष्मेवाले गृहस्थ बराच वेळ वाकून कोयरी बघत राहिले, मग कार्ड वाचलं आणि विचारलं, "'बनवणारा' रिकामा कसा? कुणी बनवलीय ही?"

तात्यांनी बापूंकडे बघितलं. बापूंनी मिस्त्रींकडे.

मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला काय वाटतंय?"